रीडिंग ४४१७

रविवार, २ मार्च

मुलीने ही वही पाठवली. आत चिठ्ठी: "बाबा, रोज चार ओळी लिहा. डोकं ताजं राहतं." माझं डोकं ताजंच आहे. एकतीस वर्षं घरोघर गॅसचे मीटर वाचले, दिवसाला दीडशे आकडे, आणि चुकीचा आकडा लिहिला म्हणून कोणी भांडायला आलं नाही. एक बाई आली होती, पण चूक तिची होती.

तरी मुलीचं मन मोडवत नाही. रोज काही लिहिण्यासारखं घडत नाही, घडेल तेव्हा लिहीन. रविवारी मात्र आमच्या मीटरचं रीडिंग लिहायचं, ही सवय जुनी आहे. ही होती तेव्हा म्हणायची, "सुट्टीच्या दिवशी तरी त्या बिचाऱ्या मीटरला सोडा की!" हिला जाऊन पाच महिने झाले, तेव्हापासून रीडिंग लिहायचं राहूनच गेलं होतं.

जिन्यातल्या मीटरच्या कपाटाची त्रिकोणी किल्ली निवृत्त होताना कंपनीत जमा करायची असते. माझी राहून गेली. आता अकरा वर्षांनी कुठे नेऊन देत बसू?

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती तिकडे दोन पाळ्यांत काम करते, बोलायला दहा मिनिटं मिळतात. "काय जेवलात?" म्हटलं, भात, बटाट्याची भाजी, उकडलेलं अंडं. "वा बाबा, शिकलात की!" म्हटलं, त्यात काय एवढं.

रीडिंग ४४१७.

मंगळवार, ४ मार्च

काम मिळालं! वॉर्ड ऑफिसातल्या मॅडमनी बोलावलं होतं. वयाने आमच्या मुलीएवढ्या, बोलणं हेडमास्तरांचं. शाळेमागची कँटीन रिकामी पडली आहे. तिथे आमच्या रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी दुपारचं गरम जेवण सुरू करायचं त्यांच्या मनात आहे. वरच्या साहेबांची अट अशी की गरज आहे हे आधी दाखवा. अकरा एप्रिलपर्यंत निदान पंचवीस जणांनी "मला पुरेसं खायला मिळत नाही" असं फॉर्मवर लिहून सही दिली पाहिजे. नाही तर त्या खोलीत ऑफिसातले जुने कागदांचे गठ्ठे जाणार.

मॅडमनी आधी दोन मुली पाठवल्या होत्या, त्यांना कोणी दार उघडलं नाही. मला उघडतील. "मीटर!" अशी माझी हाक ऐकली की अजून लोक झोपेतून उठून कडी काढतात.

फॉर्ममध्ये पाच प्रश्न आहेत. घरातलं खाणं संपलं आणि आणता आलं नाही असं झालं का, एखादं जेवण चुकवलं का, भूक असून खाल्लं नाही असं झालं का, वगैरे. मॅडम म्हणाल्या, "आजोबा, सुरुवात तुमच्याच फॉर्मने करू या?" मी म्हटलं, "मी वाढणाऱ्यांतला, खाणाऱ्यांतला नाही." हसल्या नाहीत. आजोबा काय म्हणतात!

गुरुवार, ६ मार्च

आज अकरा घरं झाली आणि अकरा नकार मिळाले.

सुरुवात शेजारापासून केली. समोरच्या दारात पीटी मास्तर राहतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे, अजून खुर्चीत बसले तरी कोणी शिट्टी वाजवल्यासारखे ताठ. प्रश्न ऐकून लालबुंद झाले. "उपाशी? मी? अहो, मी वजन आटोक्यात ठेवतोय!" आटोक्यात म्हणजे किती? पट्ट्याला नवीन भोक पाडलंय, तेही खिळ्याने, वाकडं. माझ्याकडे चामड्याचा पंच आहे, मागायचा होता. मी परवाच माझ्या पट्ट्याला दोन भोकं पाडली, एका रेषेत.

मग खालच्या मजल्यावरच्या पोस्टातल्या बाई. नोकरी संपून पंधरा वर्षं झाली तरी समोरच्याला काउंटरपलीकडे उभं केल्यासारखं बोलतात. पाचही प्रश्नांना "नाही. नाही. नाही. नाही. पुढचा?" म्हटलं, पाचच आहेत. "मग या." त्यांच्याकडे काही कमी नसणार. रोज बाराच्या ठोक्याला त्यांच्या स्वयंपाकघरातून पातेल्यात डाव फिरल्याचा आवाज माझ्या फरशीतून वर येतो. ऐकून बरं वाटतं.

बाकीचे सही करत नाहीत, पण गप्पा मारायला लागले की कारणं ढीगभर सांगतात. कोपऱ्यावरचं किराणा दुकान बंद झालं, नवं पुलापलीकडे आहे, पिशवी घेऊन चढ चढवत नाही. घरमालकाने भाडं वाढवलं. कवळी तुटली. औषध आणलं की बाकी राहत नाही. एकट्यासाठी कोण चूल पेटवणार? हे सगळं सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "पण तसं माझं छान चाललंय हो." नाकाने कांदे सोलतात नुसते.

रविवार, ९ मार्च

रीडिंग ४४१७. मीटर अडकला वाटतं. या जुन्या बनावटीच्या मीटरांचं असंच होतं, चाकात धूळ बसते.

संध्याकाळी बेकरीत गेलो. बंद व्हायच्या वेळेला कालचा पाव ती बाई फुकटात देते. मी पक्ष्यांसाठी नेतो. आज पुढे पीटी मास्तर उभे! तेही पक्ष्यांसाठीच नेतात म्हणे. बेकरीवाली म्हणाली, "या रस्त्यावर पक्षी फार झालेत बाई." मास्तरांच्या घराला बाल्कनी नाही, खिडकीला जाळी आहे. पक्षी काय दार वाजवून येतात? माणसाने खोटं बोलावं तर जरा विचार करून बोलावं.

मुलीचा फोन. भात, बटाट्याची भाजी, अंडं.

बुधवार, १२ मार्च

बत्तीस घरं झाली. दोन होकार. त्यातली एक आजी म्हणाली, सही कशाची तेच कळलं नाही, आणि परत मागून घेतली. म्हणजे एक.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांना वाटतं मी नीट विचारत नाही. मी म्हटलं, "मॅडम, लोकांना विचारून खरं कळत नाही. एकतीस वर्षांत मी कोणाला 'गॅस किती वापरलात' असं कधी विचारलं नाही. मीटर बघायचो."

हे बोललो आणि माझी मलाच गंमत वाटली. मीटर आहेत की!

शुक्रवार, १४ मार्च

आज आमच्या रस्त्यावरच्या नऊ जिन्यांतली कपाटं उघडली. किल्ली अजून लोण्यासारखी फिरते. दुसऱ्याच्या मीटरकडे कामाशिवाय बघायचं नाही हा माझा नियम होता, पण हे कामच आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची रीडिंग घेतली. हातात वही, कानावर पेन्सिल. खूप दिवसांनी तरतरी आली. आता आठवड्याने पुन्हा बघायचं. जो रांधतो त्याचा आकडा हलतो.

चौथ्या जिन्यात जरा बसावं लागलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. चष्म्याचा नंबर बदलला असणार.

शुक्रवार, २१ मार्च

पुन्हा फेरी केली. लिहिताना हात थरथरतोय, रागाने.

एक्केचाळीस मीटर. त्यातले एकोणीस आठवड्यात हललेच नाहीत. जे हलले त्यातले निम्मे नुसतं चहाचं पाणी तापवण्याइतके. पीटी मास्तर शून्य. आणि पोस्टातल्या बाई? शून्य! मी कपाटाचं दार लावून परत उघडलं. त्या रोज बाराला डाव फिरवतात, मी स्वतः ऐकतो. मग शिजवतात कशावर?

आणि ही सगळी मंडळी मला तोंडावर "नाही, नाही" म्हणाली. माझ्यासारख्या माणसाला फसवतात! रस्त्यावर इतकी माणसं अर्धपोटी आहेत आणि एकालाही तोंड उघडायची हिंमत नाही. लाज कसली वाटते एवढी?

रविवार, २३ मार्च

रीडिंग ४४१७. उद्या कंपनीत तक्रार नोंदवतो. बंद मीटर ठेवणं धोक्याचं असतं.

मुलीला मीटरच्या शोधाची हकीकत सांगितली. हसली नाही. म्हणाली, "बाबा, तुम्ही काय जेवलात?" म्हटलं, भात, बटाट्याची भाजी, अंडं. तिने पुन्हा तेच विचारलं. लाइन खराब असेल.

सोमवार, २४ मार्च

मॅडमपुढे वही ठेवली. वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी डोक्याला हात लावला. "लोकांचे मीटर न विचारता उघडलेत? काका, हे मी साहेबांना दाखवलं तर तुम्हीही जाल आणि कँटीनही जाईल." निदान आजोबाचे काका झालो. म्हणाल्या, "मला आकडे नकोत. माणसाने स्वतः सांगितलेलं हवं आणि खाली सही हवी. अठरा दिवस राहिलेत."

येताना कंपनीत मीटरची तक्रार नोंदवली. खिडकीतला मुलगा म्हणाला, आठवडाभरात फिटर येईल.

बुधवार, २६ मार्च

पोस्टातल्या बाईंशी कडाक्याचं वाजलं.

मी सरळच बोललो. "बाई, तुमचा मीटर हलत नाही. मग ते पातेलं कशाला वाजवता?"

त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं रडतात की काय. मग काउंटरचा आवाज लावला. "मीटरवाले, तुम्ही माझ्या कपाटात डोकावलात?"

"तुमच्या भल्यासाठी. सही करा, लाज सोडा. इथे सगळेच तसे आहेत."

"सगळेच?" त्या म्हणाल्या. "तुमची बायको होती तेव्हा रोज सकाळी कांदा परतल्याचा वास खाली यायचा. आता पाच महिने वरून नुसत्या तुमच्या चपला ऐकू येतात. खोलीभर फिरता, खिडकीशी थांबता, परत फिरता. भांडं एकदाही पडलं नाही. पडायला ते आधी काढावं लागतं."

मी म्हटलं, माझा मीटर बिघडलाय, रीतसर तक्रार केली आहे.

"कान तर बिघडले नाहीत ना माझे?" आणि दार लावून घेतलं.

काय बाई आहे! मदत करायला जावं तर अंगावर येते. मी तिच्याशी पुन्हा बोलणार नाही. कँटीन बुडाली तर बुडू दे.

शनिवार, २९ मार्च

जिन्यात पडलो. फार नाही, तीन पायऱ्या. पीटी मास्तरांनी उचलून त्यांच्या घरात नेलं आणि साखरपाणी दिलं. साखरेचा डबा त्यांनी उलटा करून चमच्याने ठोकला तेव्हा तळाची साखर निघाली. त्यांची आठवड्याची असणार ती. मी नको म्हणत होतो. "प्या, हुकूम आहे," म्हणाले. त्यांच्या ओट्यावर कालच्या पावाचे तुकडे रांगेत मांडले होते, एकेका दिवसासाठी एकेक. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. दोघंही पक्ष्यांबद्दल काही बोललो नाही.

ऊन बाधलं असेल. मार्चमध्ये बाधतं कधी कधी.

मंगळवार, १ एप्रिल

आज फिटर आली. पंचविशीची मुलगी, खांद्यावर हत्यारांची पिशवी, कामाला चटपटीत. मी कपाट उघडून दिलं. किल्ली बघून तिने भुवया उंचावल्या.

"काका, तुम्ही इथे चाकाकडे बघा. मी आत जाऊन शेगडी लावते."

मी जिन्यात उभा राहिलो. आतून ओरडली, "लागली!" आणि चाक फिरलं. शेवटचं लाल चाक, अगदी अलगद, न अडखळता. मी बघत राहिलो. एकतीस वर्षांत इतका चांगला मीटर मी क्वचितच पाहिला असेल.

ती हात पुसत बाहेर आली. "मीटर झकास आहे, काका. बर्नरवर कोळ्याचं जाळं होतं, ते काढलं. शेवटची शेगडी कधी लावली होती?"

"काल."

तिने खिशातून शेऱ्याचं कार्ड काढलं. ते कार्ड मला पाठ आहे, मीच भरत आलो. रीडिंग हललं नाही तर दोनच चौकटी: "मीटर बंद" किंवा "घर बंद". तिसरी नाही.

"मीटर तर चालू आहे," ती म्हणाली. "मग उरतं घर बंद. खूण करू?"

"घर कसं बंद असेल? मी आहे ना इथे."

"ते दिसतंय हो मला. पण रिकामं सोडता येत नाही."

हे वाक्यही माझंच. नव्या माणसांना मी हेच शिकवायचो. म्हटलं, कर खूण. तिने केली. जाताना पिशवीतून सफरचंद काढलं आणि मीटरच्या कपाटावर ठेवलं, जणू विसरून गेली.

ती गेल्यावर मी ते उभ्यानेच खाल्लं. बिया, देठ, सगळं. मग खाली बसलो. किती दारं मी वाजवली असतील? आतून खोकल्याचा आवाज यायचा, दार उघडायचं नाही, मीटर महिनोन्‌महिने तिथेच, आणि मी "घर बंद" वर खूण करून पुढच्या जिन्याला लागायचो. घाई असायची.

मला भूक लागली आहे. आज लागलेली नाही, ही गेल्यापासून लागली आहे. भूक नाही, हलकं खाल्लेलं बरं, रात्री पोट रिकामं ठेवावं, असं मी स्वतःला सांगत आलो. पक्ष्यांना मी एक तुकडासुद्धा घातलेला नाही. हिच्या शेगडीपुढे उभं राहवत नाही, दुकान लांब आहे, आणि भाडं भरलं की मला भीती वाटते. मला फार भूक लागली आहे.

बुधवार, २ एप्रिल

खाली गेलो. बोलणार नाही म्हटलं होतं, तरी गेलो. बाईंनी दार उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत.

मी कोरा फॉर्म पुढे केला. "माझा भरायचा आहे. मला विचारायचं ठाऊक आहे, सांगायचं नाही. तुम्ही विचारा."

त्यांनी चष्मा लावला, टेबलाशी बसल्या, मला समोर बसवलं. काउंटरच्याच आवाजात प्रश्न वाचले. मला त्याचं बरं वाटलं. हळू आवाजात विचारलं असतं तर मी उठून आलो असतो.

"गेल्या महिन्यात घरातलं खाणं संपलं आणि आणता आलं नाही, असं झालं?"

"हो."

"जेवण चुकवलं?"

"हो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही."

"तुम्ही?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मोजलं नाही?"

मग आम्ही दोघं हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं. सही केली. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातल्या गठ्ठ्यातून दुसरा फॉर्म ओढला आणि माझ्यासमोर सरकवला.

"आता तुम्ही विचारा. आणि पातेल्याचं विचारलंत त्याचंही सांगते. रिकामंच असतं. वरचा माणूस एकटा आहे, निदान खाली कोणी जेवतंय असं त्याला वाटावं म्हणून वाजवते." मग जरा थांबून, "आणि मलाही वाटावं म्हणून."

मंगळवार, ८ एप्रिल

रोज दोघं फिरतो. पद्धत ठरली आहे: दार उघडलं की आधी मी माझा फॉर्म वाचून दाखवायचा, सहीसकट. पहिल्या दिवशी जीभ अडखळली, आता सवय झाली. मग बाई त्यांचा वाचतात. मग कोरा पुढे करायचा. मास्तरांनी उभं राहून ऐकलं, उभ्यानेच सही केली आणि आमच्याबरोबर निघाले. सही परत मागून घेतलेल्या आजींनी आज स्वतः बोलावून केली. तरी सगळे करत नाहीत. तिसऱ्या जिन्यातल्या एकाने "भिकारी झालात का?" म्हणून दार आपटलं. त्याचा मीटर शून्य आहे. मी दाराखालून कोरा फॉर्म आत सरकवला.

शुक्रवार, ११ एप्रिल

अठ्ठावीस. मॅडमनी दोनदा मोजले. माझा फॉर्म सगळ्यात वर होता. तो त्यांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचला, आणि "काका" एवढंच म्हणाल्या.

कँटीन एक मेपासून, पण आठवड्यातून चारच दिवस. उरलेल्या तीन दिवसांचं काय, विचारलं. "बघू," म्हणाल्या. पोट काय चार दिवसांचं असतं का? पण मॅडमचा त्यात दोष नाही.

निघताना किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. कंपनीत जमा करा म्हटलं.

रविवार, १३ एप्रिल

मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, दर रविवारी भात, बटाट्याची भाजी, अंडं. मला काय कळत नव्हतं? पण विचारायची भीती वाटायची. तुम्ही खरं सांगितलं असतं तर मी इतक्या लांबून काय केलं असतं?" रडत होती. मी म्हटलं, मीही भीतच होतो. दहा मिनिटं कधीच होऊन गेली तरी फोन ठेवला नाही.

रीडिंग घेता आलं नाही, किल्ली नाही.

पण त्याआधीचं लिहायचं राहिलं. बाराच्या ठोक्याला फरशीखालून पातेल्याचा आवाज आला. मी चपला घालून खाली गेलो. बाई म्हणाल्या, "काय? विश्वास नाही?" मी झाकण काढून बघितलं. बटाटे होते, चार. मास्तरांना हाक मारायला मला परत वर पाठवलं.